यासीनमास्तरांचा पाऊस

उस्मानाबाद जिल्ह्यात माणसं तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जातात. आभाळ बघायला तिकडं कुणी जात नाही, आणि मीही त्यासाठी गेलो नव्हतो. मला पाठवलं होतं पर्जन्यमापकं तपासायला. निजामाचं संस्थान विलीन झालं, तो मुलूख पुढं मुंबई राज्यात आला, आणि त्या भागातल्या पावसाच्या जुन्या नोंदी आमच्या कचेरीत पेट्या भरभरून येऊन पडल्या. त्यातल्या कुठल्या आमच्या छापील पुस्तकात घ्यायच्या आणि कुठल्या वगळायच्या, हे ठरवण्यासाठी कुणीतरी जागेवर जाऊन बघणं भाग होतं. भाद्रपदात पुण्याबाहेर पडायला बाकीचे तयार नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. नोकरीची बारा वर्षं ढगांच्या नोंदी उतरवण्यात गेली होती. आमच्याकडं ढगांना आकडे असतात. उंच पिसासारख्या ढगांचा एक, पावसाळी ढगांचा दुसरा. ते आकडे मला पाठ होते. पण मान वर करून ढग बघायचं काम मात्र कधी पडलं नव्हतं. माझ्या टेबलासमोर खिडकी होती आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत.

तामलवाडी

सोलापुराहून निघालेली मोटार तामलवाडीशी येऊन तापली. ड्रायव्हर बादली घेऊन विहिरीकडं गेला आणि आम्ही उतारू लिंबाखाली उतरलो. तिथं पहिल्यांदा मी ते आभाळ पाहिलं. पुण्यात आभाळ घरांच्या मधून दिसतं. इथं ते सगळीकडं होतं. काळ्या रानाच्या कडेपासून थेट बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पांढरे ढग एका सपाट तळावर बसवल्यासारखे ओळीनं उभे होते, आणि त्यांच्या सावल्या उडदाच्या रानावरून हळूहळू सरकत होत्या.

झाडाखाली एक म्हातारा शेतकरी भाकरी सोडून बसला होता.

"कुठून आलाव, पाव्हणं?"

"पुण्याहून. पावसाची मापं तपासायला."

"पावसाचं माप?" तो हसला. उठून बांधाशी गेला, मातीत बोट खुपसलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. "हे बघा. तीन बोटं ओल हाय. आमचं माप ह्येच."

मी विचारलं, "आज येईल का हो पाऊस?" हवामानाचा माणूस मी, आणि विचारत होतो त्याला. त्यानं डोळ्यांवर हात धरून चारी बाजू नीट न्याहाळल्या.

"येईल की. पर कुठं येईल, ते न्हाय सांगता यायचं."

मला त्याचं हसू आलं. मग त्यानं अर्धी भाकरी, कांदा आणि शेंगाची चटणी माझ्या हातावर ठेवली. आमच्या घरी ज्वारीची भाकरी म्हणजे पोट बिघडलं की करायची गोष्ट. ती इतकी गोड लागते, हे मला तामलवाडीच्या लिंबाखाली कळलं.

एक गाव

पुढच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथलं मापक एका कारकुनाच्या परसात होतं. बोलता बोलता निघालं की ते माझ्या सासुरवाडीकडचे, लांबचे सोयरेच. मग काय, पाट मांडला गेला, पुरणपोळी झाली. जेवून हात धुतल्यावर मी परसात गेलो तर मापक दिसेना. दोडक्याचा वेल त्याच्यावर चढून नरसाळ्यावर पसरला होता आणि त्या पानांतून गळेल तेवढंच पाणी आत जात होतं.

"अहो, हा वेल!" मी म्हणालो.

"गौरींच्या आधी लावला बायकोनं," ते संकोचून म्हणाले. "काढतो उद्या. दोडका मात्र फार कोवळा आहे, रात्री भाजी करायला सांगू का?"

मी हसलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं: 'समाधानकारक'. दोडक्याची भाजीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी जे घडलं ते या गोष्टीशेजारी ठेवूनच वाचावं, म्हणून हे सांगितलं.

लोहारा

लोहाऱ्याला पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. इकडच्या घरांना कौलं नसतात. वर मातीचं सपाट माळवद असतं, आणि पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं. दुरून गाव म्हणजे हिरव्या पायऱ्यांचा ढीग वाटत होता. आमच्या पुण्याकडच्या पावसात अशी घरं टिकायची नाहीत असं मी शेजारच्या उतारूला म्हणालो, तर तो म्हणाला, "तुमचा पाऊस तुमाला, आमचा आमाला."

लोहाऱ्याचं मापक यासीनमास्तर सांभाळत. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकवत आणि आता निवृत्त झाले होते. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादेला. उंच, सडपातळ माणूस. मी येणार म्हणून त्यांनी शेरवानी घातली होती, भाद्रपदाच्या उकाड्यात, गळ्यापर्यंत गुंड्या लावून.

"आदाब. या साहेब, तशरीफ ठेवा."

अंगणाच्या मधोमध मापक होतं. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काट्यांचं कुंपण होतं. आत गवताची काडी नव्हती. नरसाळ्याची पितळी कड चिंचेनं घासून लख्ख केलेली होती. इतकं नीट ठेवलेलं मापक मी त्या दौऱ्यात दुसरं पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते बघून मला संशयच आला.

"तेवीस वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी साडेआठला मोजतो. एक दिवस खाडा नाही."

"तब्येत बिघडली तरी?"

"बारिश तब्येत विचारून थोडीच येते, साहेब?"

त्यांनी वह्या आणल्या. दर वर्षाची एक, कापडात बांधलेली. तारीख आणि पावसाचे आकडे आमच्यासारखेच, पण शेवटचा रुंद रकाना उर्दूनं गच्च भरलेला.

"हे काय?"

"कैफियत." त्यांचा चेहरा उजळला. "आसमानची. ढग कोणत्या बाजूनं आले, रंग कसा होता, वारा कधी पडला. वाचून दाखवू का?"

"नको. आमच्या तक्त्यात फक्त आकडे लागतात," मी म्हणालो. "शिवाय मला मोटार गाठायची आहे."

त्यांनी मान हलवली आणि बोट रकान्यावरून काढून घेतलं. ते बोट काढून घेणं मला आजही दिसतं.

मी आकडे तपासू लागलो. त्याच वर्षीच्या श्रावणात एका दिवशी चार इंचांवर पाऊस लिहिला होता. माझ्याजवळ उमरग्याचे आणि तुळजापूरचे आकडे होते. दोन्हीकडं त्या दिवशी थेंब नव्हता.

"मास्तर, आसपास कुठंच नाही, आणि तुमच्याच गावात चार इंच?"

"पडला, साहेब."

"असा कसा पडेल?"

"कसा ते अल्लाला माहीत. मी मोजला तेवढा लिहिला."

मी मागची वर्षं चाळली. एका भाद्रपदात पाच दिवस कोरे होते आणि सहाव्या दिवसापुढं एकच आकडा होता: मागचा सगळा एकत्र.

"खाडा नाही म्हणालात ना?"

ते शेरवानीची वरची गुंडी चाचपत म्हणाले, "त्या पाच दिवसांत... आजारी होतो."

"मघाशी तर म्हणालात, बारिश तब्येत विचारत नाही."

ते साल आणि तो महिना मी नीट वाचला असता तर मला विचारावंच लागलं नसतं. तो पोलीस ॲक्शनचा महिना होता. फौजा शिरल्या, निजाम शरण आला, आणि त्या दिवसांत नि त्यानंतर या जिल्ह्यातल्या मुसलमान घरांवर काय गुदरलं ते पुण्यातही कानावर आलं होतं. पण माझ्यापुढं वही होती, आणि वहीत नियम मोडलेला दिसत होता.

मास्तरांनी जेवायचा आग्रह केला. मी सांगितलं, आज उपास आहे. उपास नव्हता. त्या घरी जेवायचं नव्हतं, इतकंच. मास्तरांनी काही ओळखलं असेल तर दाखवलं नाही. ते स्वतः बाजारात जाऊन चार केळी घेऊन आले. "उपासाला चालतात ना, साहेब?"

केळी मी मोटारीत खाल्ली आणि मांडीवर कागद ठेवून तीन प्रतींत शेरा लिहिला: 'नोंदी संशयास्पद. तक्त्यात घेण्याजोग्या नाहीत. मापक अन्यत्र हलवावे.'

सोनारी

दौऱ्याचा शेवट परंड्याकडं होता. काम दुपारच्या आत उरकलं म्हणून सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलो. दर्शन घेऊन बाहेर आलो आणि हार विकणाऱ्या एका बाईच्या पालाशी टेकलो. ऊन कडक होतं. तेवढ्यात दक्षिणेकडून एक ढग आला. फार मोठा नव्हता. त्याच्या खालून राखाडी पडदा लोंबत होता आणि तो पडदा रानावरून चालत गावाकडं येत होता. मी उठून पालात सरकलो.

"बसा की निवांत," बाई म्हणाली. "हितवर येतोच असं न्हाय."

पडदा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला आला आणि तिथंच उभा राहिला. समोरच्या घरांच्या पन्हाळी धो धो वाहू लागल्या. एक माणूस डोक्यावर पोतं घेऊन पळत रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आला आणि उन्हात उभा राहून अंग पुसू लागला. आमच्या पायाशी धूळ होती. मी हात लांब केला, तरी तळव्यावर थेंब पडला नाही. पंधरा-वीस मिनिटांत ढग तसाच पूर्वेला निघून गेला.

बाई हार ओवता ओवता म्हणाली, "ह्या दिसांत असंच असतंय. बैलाचं एक शिंग भिजतं, एक कोरडं ऱ्हातं."

मी पिशवीकडं पाहिलं. लोहाऱ्याचा कागद तिच्यातच होता, अजून माझ्याच ताब्यात. तो काढावा आणि फाडून टाकावा, असं मनात आलं. खरंच आलं. पण तीन प्रती पुन्हा लिहायच्या, तपासणीची तारीख पुन्हा जुळवायची. आणि ते पाच दिवस तर कोरे होतेच ना, असं मी स्वतःला सांगितलं. मग जेवायची वेळ झाली.

बाईकडून झेंडूचा एक हार घेतला नि मोटारीच्या थांब्याकडं निघालो. पुण्यात पोचल्यावर सगळे कागद एकदम साहेबांच्या टेबलावर ठेवले.

पुणे

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एक इंजिनीअर आमच्या कचेरीत आले. लोहाऱ्याजवळ एका ओढ्यावर तलावाचं काम त्यांच्याकडं होतं. आदल्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी त्या ओढ्याला असा पूर आला की अर्धवट बांध वाहून गेला. पूर किती पावसानं आला, हे त्यांना हवं होतं.

आमचं छापील पुस्तक नुकतंच आलं होतं. मी ते उघडलं. लोहाऱ्यासमोर काही नव्हतं.

"नोंदच नाही?" ते म्हणाले. "तिथं कुणी मोजत नव्हतं का?"

त्यांनी सांगितलेली तारीख तीच होती. मी म्हणालो, "मोजत होते." मी पुस्तक मिटलं.

त्याच दिवशी मी साहेबांकडं गेलो आणि माझा शेरा चुकीचा होता असं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "पुस्तक तर छापून गेलं. पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघू. मापक परत द्यायचं असेल तर तसं टिपण तयार करा, मी सही करतो." ती सही घेऊन मी पौषात स्वतःच्या रजेवर लोहाऱ्याला निघालो.

पुन्हा लोहारा

या वेळी आभाळ निळं होतं, कडेपासून कडेपर्यंत. रानात ज्वारी डोक्याइतकी उभी होती. मास्तरांच्या अंगणातलं कुंपण मोडलं होतं आणि मापकाच्या जागी एक शेळी बांधलेली होती.

शेजारच्या दारात एक म्हातारी तूर पाखडत होती. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमीच न्हवं का ते पावसाचे साहेब?"

"हो."

"म्या शिवम्मा. मास्तरांची शेजारीण." ती उठून माझ्यासमोर आली. "ते पाच दिस मास्तर कुठं होते, ठावं हाय तुमाला? आमच्या बळदात. ज्वारी ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत. बायकूला आन् लेकीला आमच्यातल्या लुगड्यात घरात ठिवली, आन् ह्यांना आत कोंडलं. भाकर द्यायला गेलं की इचारायचे, 'अक्का, पाऊस पडला का?' म्या म्हनायची, 'आवो, जीव वाचवा, पावसाचं काय घिऊन बसलाव?' तर म्हनायचे, 'तेवढं भांडं कुणाला पालथं करू दिऊ नका.' गावात कुनाचं काय चाललंय, आन् म्या रोज पदराआड तांब्या धरून जायची, ते भांडं उभं हाय का बघाया."

"मला आजारी होतो म्हणाले."

"मग काय सांगावं त्यांनी? आमचं नाव घ्यावं? सरकारच्या मानसाला?" ती आणखी पुढं आली. "आन् त्येला तुमी खोटं म्हनलाव."

ती परत जाऊन बसली आणि सूप उचललं.

मास्तर ओट्यावर उन्हाला बसले होते. साधा सदरा, पायजमा. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे त्यांनी मान वळवून मला पाहिलं.

"मास्तर, मी चुकलो," मी उभ्यानंच म्हणालो. "तुमचा पाऊस खरा होता."

"बसा, साहेब. उन्हातून आलात."

मी सहीचा कागद काढला. मापक परत मिळेल, पूर्वीसारखं, असं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्याजवळ धरला आणि घडी घालून परत दिला.

"आता नको."

"का, मास्तर?"

ते शेळीकडं बघत म्हणाले, "तुमच्या कचेरीचा कागद आला, मापक घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी सवयीनं अंगणात आलो. वर पाहिलं. ढग होते. मग मनात आलं, मी पाहतो ते आहे की नाही, हे पुण्याला विचारावं लागेल. तेव्हापासून वर बघायचं सोडलं."

ते रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते तसे बोलले नाहीत.

त्या दिवशी मी त्यांच्याकडं जेवलो. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाची चटणी. जेवण झाल्यावर मी म्हणालो, "मास्तर, कैफियत वाचून दाखवाल?"

त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग आत जाऊन त्या श्रावणाची वही घेऊन आले. एका डोळ्यानं उर्दू वाचत आणि मला मराठीत सांगत गेले, आणि मी गुडघ्यावर वही ठेवून उतरवून घेत गेलो. त्यात घारी किती उंच होत्या ते होतं, संध्याकाळचा ढग कुठल्या फळाच्या रंगाचा होता ते होतं, वारा पडल्यावर कुणाच्या चुलीचा धूर सरळ वर गेला तेही होतं. मग तो चार इंचांचा दिवस आला.

'दोन प्रहरपर्यंत ऊन. नंतर पश्चिमेला एकच ढग, काळा, एकटा. गावावर येऊन थांबला. घटकाभर असा कोसळला की समोरचं घर दिसेना. ओढ्यापलीकडं मात्र धूळ उडत होती, आणि तिकडची गुरं उन्हात चरत होती. लिहिताना मलाच नवल वाटतं, पण पाहिलं तसं लिहितो.'

मास्तर थांबले. मीही लिहायचा थांबलो. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर होतं, एक रकाना सोडून. वाचून दाखवू का, असं त्यांनी विचारलंही होतं.

"पुढं वाचू?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"वाचा."

पुढच्या दिवशी लिहिलं होतं: 'आसमान साफ. लिहिण्याजोगं काही नाही. तरी पाहिलं.'

उजेड कमी होईपर्यंत एक श्रावण उतरवून झाला. मास्तरांचा डोळा पाणावू लागला होता, वाचून वाचून असेल. उन्हाळ्यात महिन्याची रजा काढून येतो, सगळ्या वह्या उतरवून घेतो, असं मी सांगितलं. ते "इन्शाअल्ला" म्हणाले आणि वही कापडात बांधली.

उन्हाळ्यात घरी आजारपण निघालं. पावसाळ्यात रजा मिळाली नाही. दिवाळीला मी पत्र टाकलं, त्याचं उत्तर शिवम्मानं कुणाकडून तरी लिहवून पाठवलं. मास्तरांना मुलीनं हैदराबादेला नेलं होतं. जाताना कपड्यांची एकच पेटी होती, आणि वह्यांचं गाठोडं त्यांनी मोटारीत मांडीवर घेतलं होतं. पत्ता तिच्याजवळ नव्हता.

मी हैदराबादेला दोन पत्रं लिहिली, एक शाळाखात्याला आणि एक ओळखीच्या माणसाला. काही लागलं नाही.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती यंदा निघाली. वगळलेल्या नोंदींच्या पेट्या केव्हाच रद्दीत गेल्या होत्या, आणि माझ्याकडं होती ती एका श्रावणाची कैफियत. वह्याच नाहीत, तर आकडे कुठून घालणार? कुणाला ते पुस्तक कधी चाळायला मिळालं तर लोहाऱ्याचं पान जरूर उघडावं. तेवीस वर्षं तिथं पाऊस पडत होता आणि एक माणूस रोज सकाळी तो मोजत होता. पुस्तकात त्या तेवीस वर्षांसमोर आडव्या रेघा आहेत. त्या मी मारलेल्या आहेत.